मागं बसणाऱ्याची थंडी

गहिनीनाथ फौजीला थंडी वाजत नसे. निदान त्याचं म्हणणं तसं होतं, आणि पाथर्डीच्या डोंगराकडेच्या त्या गावात ते खोडून काढायला काश्मीर पाहिलेला दुसरा माणूस नव्हता. मार्गशीर्षात सगळं गाव कानाला फडकं गुंडाळून शेकोटीभोवती बसलेलं असायचं, आणि हा गडी अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा घालून, सायकलवर छाती काढून, घंटी वाजवत समोरून जायचा. कारण नसलं तरी एक पाय जमिनीला टेकवून थांबायचा आणि म्हणायचा, "ही थंडी? ही तर पाव्हनी हाय आपली. सकाळच्या पाळीला येती, नऊ वाजले की घरी जाती. तिकडची थंडी चोवीस तास डूटीवर." मग पुढे जायचा. शेकोटीवरची माणसं त्याच्या पाठीकडे बघून दोन शब्द बोलायची, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

पंधरा वर्षं नोकरी करून पासष्ट साली तो सुटून आला. आल्या आल्या नगरला जाऊन त्यानं सायकल घेतली आणि ती एस.टी.च्या टपावर न टाकता तीस-बत्तीस मैल चालवत घरी आणली. तेव्हापासून ती आणि तो कधी वेगळे दिसले नाहीत. एस.टी.च्या थांब्यापाशी लिंबाखाली त्यानं पंक्चरचं दुकान मांडलं होतं. दुकान म्हणजे पाण्याचं एक घमेलं, हवेचा एक पंप आणि पुष्कळशी बडबड. लष्करात तो श्रीनगरला रसदीच्या डेपोत होता आणि सायकलवरून डाक पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. बर्फ पडला की चाकातली हवा निम्मी सोडायची, म्हणजे टायर घसरत नाही. सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालायचं, म्हणजे वारा छातीला भिडत नाही. ग्रीस गोठून चाक जड झालं, तर तिकडचे लोक पोटाशी धरतात ती निखाऱ्यांची कांगडी मागून घ्यायची आणि चाकाला शेक द्यायचा, बाळंतिणीला देतात तसा. हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं होतं की जन्मात बर्फ न पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही बर्फात सायकल कशी हाकावी ते पाठ झालं होतं. पाथर्डी तालुक्यात त्याचा उपयोग काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे. ती बन्सीची.

बन्सी शेवगावकडचा, त्याच्याच बराकीतला. बासष्ट-त्रेसष्टच्या हिवाळ्यात एका सकाळी बन्सीला सणसणून ताप भरला, आणि थंडीनं गाडीचं इंजिन सुरू होईना. गहिनीनाथानं त्याला ब्लँकेट गुंडाळलं, कॅरिअरवर बसवलं आणि चार मैलांवरच्या दवाखान्याकडे निघाला. जीव तोडून पायडल मारत होता, बनियन घामानं भिजून गेलं होतं. वाटेत त्यानं विचारलं, बन्सी, थंडी वाजते का? लई, असं उत्तर आलं. मैलभरानं पुन्हा विचारलं, तेव्हा बन्सी म्हणाला की आता कमी झालीया. गहिनीनाथाला बरं वाटलं. त्यानंतर बन्सी काही बोलला नाही. डोळा लागला असेल, तेवढीच झोप मिळेल, असं वाटून ह्यानं आणखी जोर लावला. दवाखान्याच्या दारात उतरवायला गेला, तेव्हा बन्सीची बोटं ह्याच्या कमरपट्ट्यातून एकेक करून सोडवावी लागली.

डॉक्टरनं बन्सीला तपासलं, मग ह्याच्या भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि आवाज न चढवता हिंदीत दोन गोष्टी सांगितल्या. पायडल मारणाऱ्याला थंडी लागत नाही, ती मागं बसणाऱ्याला लागते. आणि थंडीत कुरकुर करणाऱ्याची काळजी करायची नसते, गप्प झालेल्याची करायची असते.

शेवगावला जाऊन बन्सीच्या आईला गहिनीनाथानं एवढंच सांगितलं की ताप होता. ते काही खोटं नव्हतं. पुढं त्यानं स्वतःला पटवलं की ती काश्मीरची थंडी होती, तिकडं तसं होतं, आपल्या मुलखात होत नाही. शेकोटीवरच्या माणसांना वाटायचं, फौजी बढाई मारतोय. खरं तर दहा वर्षं तो स्वतःचीच समजूत घालत होता.

बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली. ढग नाही, जमिनीत ओल नाही, आणि असं कोरडं साल असलं की आमच्याकडची थंडी बिथरते. दुपारी चैत्रासारखं ऊन तापायचं आणि पहाटे रांजणातलं पाणी हाताला लागू द्यायचं नाही. पंक्चर काढायला कोण येतंय? गहिनीनाथ दुष्काळी कामावर मुकादम झाला होता. रस्त्यासाठी खडी फोडायचं काम, नऊ वाजता हजेरी, आणि मुकादम आल्याशिवाय साठ बायकांची हजेरी लागत नसे.

त्याच दिवसांत त्याची थोरली लेक चांगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. मुलगी झाली, सव्वा महिना उलटला, आणि घाटाखालच्या गावाहून विहीणबाईंचा निरोप आला की पौष लागायच्या आत सून आणि नात घरी पोचती करा. पौषात लेकीला सासरी धाडत नाहीत, म्हणजे मग एकदम माघ. जावई कानिफनाथ ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे गेलेला. गावातल्या गाड्याही तिकडंच, आणि मागं राहिलेली जनावरं छावणीत. घाटातून एस.टी. जात नव्हती. राहता राहिली सायकल. वाट चार कोसांची, निम्मा चढ आणि मग तीन मैलांचा सलग उतार.

गहिनीनाथानं ठरवून टाकलं की अमावास्येच्या आदल्या दिवशी पहाटे निघायचं, पोरीला पोचवायचं आणि नऊच्या हजेरीला परत यायचं. त्याची बायको मालनबाई म्हणाली की माघात न्या म्हणावं, नाहीतर ऊन चढल्यावर तरी निघा. ह्यानं नेहमीचं पालुपद लावलं, पाहुणी, सकाळची पाळी, चोवीस तास ड्यूटी. मालनबाई भाकरी थापत होती, ती थांबली.

"अवो, तुमी पायडल मारनार," ती म्हणाली, "ती बसून ऱ्हानार. लेकरू हाय ते, लोखंड न्हाई."

एरवी गहिनीनाथ बायकोवर खेकसत नसे. त्या दिवशी खेकसला. तिला वाटलं, निरोपाचा राग आपल्यावर काढतोय. तिला कसं कळावं की श्रीनगरच्या डॉक्टरचं वाक्य त्यानं आज तिच्या तोंडून ऐकलं होतं? त्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सायकलला तेल घालायला बाहेर गेला. मला विचाराल तर ह्या गोष्टीतली खरी चूक तिथं, तेलाच्या डबीपाशीच झाली.

निघाले तेव्हा शुक्र वर आला होता. मालनबाईनं नातीला टोपडं घातलं, दोन दुपट्यांत गुंडाळलं, चांगुणेच्या मांडीवर दिलं आणि दोघींच्या भोवती घरातली एकुलती एक जाड घोंगडी लपेटली. बाळाच्या कपाळावर काजळाची तीट लावली आणि सायकल दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहिली. वाटेवर माणूस नव्हतं. दुष्काळानं कुत्रीसुद्धा भुंकायची कमी झाली होती. चेनीचा आवाज आणि मधूनमधून बाळाचं रडणं, एवढंच काय ते ऐकू येत होतं.

घाटाच्या पायथ्याशी उतरून दोघं चालू लागली. तो सायकल ढकलत होता, ती बाळाला छातीशी धरून मागून येत होती. चढ अंगावर येणारा आहे. माथ्यावर पोचेपर्यंत गहिनीनाथाच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि चांगुणाही लाल झाली होती. बाळ तर किंचाळून रडत होतं. माथ्यावर नुकतं फटफटलं होतं, आणि तिथं वाराही नव्हता. उतार लागायच्या आधी त्यानं मागचं चाक बघितलं, तर घोंगडीचं एक टोक चाकाच्या तारांत जाऊ बघत होतं. ते अडकलं असतं तर उतारावर तिघांचाही कपाळमोक्ष झाला असता. त्यानं घोंगडी काढायला लावली, घडी घातली आणि लेकीला बसायला कॅरिअरवर अंथरली. नातीच्या गळ्याशी हात घालून बघितला, तर तिलाही घाम. लेकरू उकडून निघालंय, म्हणूनच रडतंय, असं म्हणून त्यानं वरचं दुपटंही सैल केलं.

चांगुणा हळूच म्हणाली, "आबा, वारं लागंल."

"दहा मिन्टाचा तर उतार हाय," तो म्हणाला. "धरून बस."

आपल्यावरून जग ओळखावं, अशी म्हण आहे. एरवी खरीही असेल, पण सायकलवर ती माणसाला दगा देते.

उतार सुरू झाला. पायडल मारायचं काम उरलं नाही, फ्रीव्हील नुसतं टरटरत होतं. वारा समोरून येत होता, आणि वळणागणिक हवा अधिक गार होत गेली, कारण रात्रभरची सगळी थंडी खालच्या ओढ्यात साचून बसलेली असते. त्यानं वळून न बघता विचारलं की थंडी वाजती का गं. लई, असं चांगुणा म्हणाली. बाळाचं रडणं चालू होतं. दुसऱ्या वळणाला ते रडणं बारीक झालं. तिसऱ्या वळणाला थांबलं.

"निजलं का?"

"निजलं वाटतं. आता गप हाय."

गहिनीनाथाला हायसं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं. सायकलच्या झोक्यानं लेकरू निजलं, म्हाताऱ्या उगाच भितात, असंही मनात येऊन गेलं. अशी फर्लांगभर सायकल गेली असेल. मग त्याला ती शांतता ओळखीची वाटली. ह्याच शांततेत आपण एकदा दवाखान्यापर्यंत सायकल हाकली आहे, हे आधी त्याच्या पाठीला कळलं आणि मग डोक्याला. चांगुणेनं त्याचा पट्टा घट्ट धरला होता, आणि बन्सीनं धरला होता तो अगदी तिथंच.

त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. सायकल आडवीतिडवी होत थांबली. त्यानं नातीच्या दुपट्यात हात घातला. पाय गार होते, पोटही गार होतं. ओठ जांभळसर दिसत होते आणि मान हातावर लुळी पडत होती. श्वास होता, पण मोजून मापून घेतल्यासारखा. चांगुणेनं घाईनं छातीशी लावून बघितलं, लेकरानं तोंड उघडलं नाही. तिनं बापाकडे पाहिलं. त्या पाहण्यात अजून राग नव्हता, नुसता विश्वास होता की आबाला ह्यावरचा इलाज ठाऊक असेल.

आबाला इलाज ठाऊक नव्हता. त्यानं नातीला स्वतःच्या सदऱ्यात घ्यायला छातीची बटणं सोडली, तर सदरा घामानं ओलाचिंब आणि बर्फासारखा गार. ज्या छातीचा एवढा तोरा, ती लेकराला ऊब देण्याच्या कामाची नव्हती.

खाली ओढ्यापलीकडे धूर दिसत होता. पाझर तलावाच्या कामावरच्या मजुरांच्या झोपड्या होत्या. सायकल तिथंच टाकून, घोंगडी आणि नात उचलून तो पळाला, मागून चांगुणा. पहिल्या झोपडीपुढं लंकाबाई नावाची एक म्हातारी चुलीवर भाकरी भाजत होती. आयुष्यभर तिनं वाडीवस्तीवरच्या बायांची बाळंतपणं केलेली. हा नातीला घेऊन थेट जाळाकडे निघाला, तशी तिनं मनगट धरून त्याला अडवलं.

"इस्तवापाशी न्हेऊ नका. कातडं भाजंल आन आत गारच ऱ्हाईल. द्या हिकडं."

तिनं लेकराचे सगळे कपडे काढले. चांगुणेला झोपडीच्या आत भिंतीशी बसवलं, चोळीच्या गाठी सोडायला लावल्या आणि उघडं लेकरू तिच्या उघड्या छातीशी टेकवलं. मग घोंगडी चुलीवर धरून ऊन केली आणि दोघींच्या भोवती डोक्यावरून गुंडाळली. झोपडीचं दार पोत्यानं झाकून ती बाहेर आली. आता काय करायचं, असं गहिनीनाथानं विचारलं. वाट बघायची, एवढंच ती म्हणाली.

गहिनीनाथ दारापासून हातभर दूर उभा राहिला. ऊन अजून ओढ्यात उतरलं नव्हतं. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर पिवळी रेघ दिसत होती आणि ती बोटाबोटानं खाली सरकत होती. अंगावरचा घाम वाळू लागला तशी त्याला थंडी वाजायला लागली. आधी खांदे उडायला लागले, मग गुडघे, मग दात वाजायला लागले. सात वर्षांत गावानं जे पाहिलं नव्हतं ते लंकाबाईनं पाहिलं. तिनं त्याला चुलीपाशी बसायला सांगितलं. तो बसला नाही. त्याचा खाकी सदरा बघून, एवढा फौजी माणूस, थंडीची ओळख नव्हती का, असं तिनं विचारलं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्यानं उत्तर दिलं नसतं.

"माज्या सायकलवर मागं बसून एक मानूस मेलाय," तो म्हणाला. "बन्सी नाव हुतं त्याचं. मी इचारत हुतो, थंडी वाजती का. पर वळून बघितलं न्हाई. त्याच्या आईला सांगितलं, ताप हुता. मला वाटलं, काश्मीरची थंडी तशी. आपली तशी न्हाई."

पोत्याच्या दारापलीकडे चांगुणा ऐकत होती.

लंकाबाईनं भाकरी उलटली. "तिकडं लोक थंडीला भितात," ती म्हणाली, "म्हनून जगतात. हितं तिला कोन भितंय?"

उन्हाची रेघ डोंगराच्या पोटापर्यंत आली, मग बाभळींच्या शेंड्यांवर आली. म्हातारीनं दोनदा आत जाऊन बघितलं आणि दोन्ही वेळा काही न सांगता बाहेर आली. गहिनीनाथ देवाला काही बोलला नाही. तो मनातल्या मनात फक्त म्हणत होता की रड, एकदा रड, पाहिजे तर गाव डोक्यावर घे. ऊन झोपडीच्या छपराला लागलं तेव्हा आतून मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा आला, आणि ह्या वेळी तो चांगला रागावलेला होता. म्हातारी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. लेकरू प्यायला लागलं होतं.

गहिनीनाथ तिथंच खाली मातीत बसला आणि रडला.

उरलेली वाट त्यानं सायकल हातात धरून पायी काढली. लेक आणि नात कॅरिअरवर, भोवती घोंगडी, तिची टोकं त्यानं आपल्या पट्ट्यानं बांधून टाकलेली. डोक्यावर ऊन चढलं होतं, रस्ता तापला होता, तरी त्यानं घोंगडी काढू दिली नाही. चांगुणा सगळ्या वाटेत एकदाच बोलली. तिनं विचारलं, "बन्सीच्या आईला आता सांगनार का?" त्यानं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, तिला मागून कळलं नाही. तिकडं साठ बायका अकरापर्यंत हजेरीची वाट बघत उन्हात बसल्या आणि मुकादमाला बोल लावत राहिल्या. ते बोल त्याला लागूच होते.

संक्रांतीनंतर तो शेवगावला जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं मालनबाईलाही सांगितलं नाही. फक्त आल्यावर दोन दिवस जेवला नाही.

पुढच्या हिवाळ्यात गावानं पाहिलं की फौजी कानाला मफलर, अंगात स्वेटर आणि त्यावर जुना लष्करी कोट घालून फिरतोय. शेकोटीवरच्यांना आयतंच सापडलं. फौजी, पाव्हनी तरास द्यायला लागली व्हय, असं ते विचारायचे. व्हय, लई, असं तो म्हणायचा आणि शेकोटीत जागा करून मागायचा. थट्टा करणाऱ्याची त्यात मजाच जायची. सायकलवर कुणाला मागं बसवलं तर त्याची एकच अट असे, बोलत राहायचं. बोलायला काही नसलं तर त्यानं हाक मारली की ओ द्यायची. लोक म्हणायचे, लष्करात डोकं फिरलं ते आता उघडं पडलं.

त्या वर्षीही मार्गशीर्षातच चांगुणा दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. परत पोचवायला तो निघाला तो चांगलं अकरा वाजता, लख्ख उन्हात. नातीला घरात ठकी म्हणत. ती आता वर्षाची झाली होती आणि नुकतीच हाकेला ओ द्यायला शिकली होती. घाटाच्या उतारावर तो हातात सायकल धरून चालत होता आणि दर दहा पावलांना हाक मारत होता, ठके. मागून आवाज यायचा, ओ. ठके. ओ. तिसऱ्या वळणाला त्यानं हाक मारली आणि ओ आली नाही.

तो थांबला. स्टँड लावला, वळला आणि घोंगडीत हात घालून नातीचे पाय चाचपले. पाय ऊन होते. कपाळावर घामाचे थेंब होते.

"आबा, निजलीया नुसती," चांगुणा म्हणाली. "चला आता."

"उठू दे तिला," तो म्हणाला.

घाटात दुसरं कुणी नव्हतं. ऊन चांगलंच तापलं होतं, सावली कुठं नव्हती. तो कॅरिअरला एका हातानं धरून, दुसरा हात घोंगडीत तसाच ठेवून, ती जागी होईपर्यंत उभा राहिला.